होती तीच बरी

६ फेब्रुवारी

आज माझा कायापालट झाला. सगळ्यांचा होतो तसा नाही, उलटा.

वटवट आणि तिच्या कॉलेजातल्या मंडळींनी एक गंमत काढली आहे. (वटवट म्हणजे दादाची नात. बोलायला लागली त्या दिवसापासून हेच नाव. शिकायला इथे असते, माझ्याकडे राहते.) टीव्हीवर तो कार्यक्रम लागतो ना, कुठली तरी साधीसुधी बाई धरून आणतात, केस कापतात, भुवया कोरतात, उंच टाचांवर उभी करतात, मग आरशावरचा पडदा ओढतात आणि ती "ही मीच का?" म्हणून रडते. थोरली (माझी मोठी बहीण) आणि मी तो न चुकता बघायचो. पडदा ओढला की थोरली म्हणायची, "होती तीच बरी होती की ग!" पोरांनी त्या कार्यक्रमाची नक्कल करून नाव तेच ठेवलं, 'होती तीच बरी'. वटवटच्या कानात राहिलं असणार.

पहिल्या भागातली साधीसुधी बाई मी. सौंदर्यतज्ज्ञ म्हणून तिचा मित्र, त्याला सगळे दाढी म्हणतात. दाढी अशी की मोजून काढावी. त्यानं माझ्या तोंडाभोवती शिंप्याची पट्टी फिरवली आणि म्हणाला, "बाईसाहेब, आपल्यात एक म्हातारी दडलेली आहे. तिच्यावर फार अन्याय झालाय." मला हसू आवरेना. म्हटलं, "अरे बाळा, अडुसष्ट वर्षांची आहे मी. ती दडलेली नाही, दारात उभी आहे."

म्हातारीच्या केसांचा टोप हवा होता. उभा जन्म नाटकांचे टोप बनवण्यात गेला माझा. कुणी शिकवलं नाही, जुने टोप उसवून उसवून शिकले. म्हटलं, आहे एक.

तो थोरलीच्या केसांचा आहे. पोरांना सांगितलं नाही. आजारात तिची वेणी उतरवावी लागली ती मीच उतरवली आणि कागदात गुंडाळून ठेवली. ती गेल्यावर हाताला काम नव्हतं, म्हणून जाळी ताणली आणि गाठी मारत बसले. फक्त भांग राहिला होता. भांग लाकडी डोक्यावर पाडायचा, टोप आपल्या डोक्यावर चढवून आरशात बघत कधीच नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. शिकाऊ मुलींना मी तो ओरडून सांगायचे. पण काल त्या कोऱ्या लाकडावर तिचे केस बघवेनात. हातच चालेना. शेवटी टोप डोक्यावर चढवला, आरशासमोर बसले, आणि जेवताना टेबलापलीकडे थोरली दिसायची तसा भांग पाडून घेतला. एका दमात जमला.

आज तोच चढवला. तिचा राखाडी कोट, तिचा जाड भिंगांचा चष्मा. दाढीनं गालांवर सुरकुत्या काढल्या. वटवटनं आरशावरची चादर ओढली.

माझं वाक्य होतं, "ही मीच का?"

ते आलंच नाही. आरशात मी नव्हतेच. टेबलापलीकडे बसावी तशी थोरली समोर बसली होती. मी म्हटलं, "आलीस?"

मग दाढी ओरडला, "कट! आजी, काय जबरदस्त केलंत!" वटवट मात्र चादर हातात धरून तशीच उभी.

९ फेब्रुवारी

पोरांनी ते फोनवर सोडलंय. लोक बघतात आणि खाली अभिप्राय लिहितात. वटवटनं मला वाचायला दिले.

पहिल्याच अभिप्रायात रडणाऱ्या तोंडांची रांग. मला वाईट वाटलं. म्हटलं, "लिहून टाक, बाई, तुम्हाला दुखवायचा हेतू नव्हता." वटवट म्हणाली, "आत्याआजी, ती हसून हसून रडतायत." आता मला कसं कळावं? निदान तोंड तरी वर करायचं त्यांनी.

बरेच लोक पोट धरून हसले आहेत. "त्या तज्ज्ञाला माझ्या सासूबाईंकडे पाठवा." "हे बघून मी माझी केस रंगवायची वेळ रद्द केली." एका गृहस्थानं दाढीला खरंच तज्ज्ञ समजून पत्ता विचारलाय! एकीनं रागावून लिहिलंय, ही त्या कार्यक्रमाची थट्टा नाही, म्हाताऱ्या माणसांची थट्टा आहे. तिला मी सांगितलं, म्हणजे वटवटकडून लिहून घेतलं, की म्हातारी मीच आहे आणि माझी परवानगी होती.

पण काही अभिप्राय निराळे आहेत. "हसत होते. 'आलीस?' ऐकलं आणि अंगावर काटा आला." "आजी कुणाशी बोलतायत?" "मी एकटी बघत होते, मागे वळून पाहिलं." आणि एक, "माझी आई अशीच बसायची, चष्म्यावरून बघत. तीनदा बघितलं. हसू आलं नाही, पण बंदही करवेना."

त्या शेवटच्या बाईंना काय लिहावं कळेना. "आपला अभिप्राय वाचून आनंद झाला," एवढं लिहायला लावलं. ते चुकीचं वाटतंय.

१२ फेब्रुवारी

म्हणे व्हिडिओ फार लोकांपर्यंत गेलाय. वाण्याच्या दुकानात एक पोरगी मला बघून मैत्रिणीच्या कानात म्हणाली, "आलीस?" दोघी फिदीफिदी हसल्या. मीही हसले.

टोपाची जाळी कानामागे काचत होती. ती सैल व्हावी म्हणून हल्ली घरात थोडा वेळ घालून वावरते. चष्मा पण, कारण टोप घातला की चष्म्याशिवाय चुकल्यासारखं वाटतं. आज तशीच कचरा टाकायला जिना उतरले. खाली चाव्या बनवणारा दुकान उघडत होता. मला बघितलं आणि हातातला जुडगाच खाली पडला.

"अहो, मी आहे, धाकटी."

"ते कळलं हो," तो म्हणाला, पण जुडगा उचलायला वाकेना. "हुबेहूब त्या. फक्त... काहीतरी उलटं वाटतंय. काय ते सांगता येत नाही."

"उलटं काय असणार? केससुद्धा तिचेच आहेत."

हे ऐकून तर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. माणूस भित्रा आहे. कुलपं बनवणाऱ्यानं इतकं भिऊ नये.

मी एकटीच चहाला बसताना टेबलावर दोन कप मांडले, अशी वटवटची तक्रार आहे. सवय दुसरं काय. चहा वाया गेला नाही, दोन्ही मीच प्यायले.

१५ फेब्रुवारी

व्हायचं नव्हतं ते झालं. दादानं व्हिडिओ बघितला.

थोरली गेली त्याच आठवड्यात दादाच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. पुतण्यानं फोनवर हात जोडल्यासारखा आवाज काढला, "आत्या, बाबांना एवढ्यात काही सांगू नका. डॉक्टर म्हणतात धक्का सोसणार नाही." मग एवढ्यातचं पुढच्या महिन्यात झालं, पुढच्या महिन्याचं हवा बदलू दे झालं. दादा थोरलीची चौकशी करायचा. आम्ही सांगायचो, तिला ऐकू येत नाही, फोनवर बोलत नाही. आणि त्याचं सगळं लहानपण थोरलीच्या कडेवर गेलेलं. तिला ताई म्हणालंच नाही कुणी. आई 'थोरली' म्हणायची म्हणून आम्ही दोघंही थोरलीच म्हणायचो.

त्याची सेवा करायला येणाऱ्या बाईनं गंमत म्हणून त्याला व्हिडिओ दाखवला. आज दुपारी पुतण्याचा फोन आला, घाबराघुबरा. दादानं तो परत परत लावायला सांगितला म्हणे. मग म्हणाला, "थोरलीशी बोलायचंय. ऐकू नसेल येत तर नसो. मला तिचं तोंड बघू दे."

पुतण्या म्हणतो, "आत्या, आता काय करायचं? नाही म्हटलं तर त्यांना संशय येईल. खरं सांगितलं तर..."

मला एकच मार्ग दिसतोय. त्याला सांगितलं. त्यानं सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "जमेल तुम्हाला?"

जमेल का! मला न जमून कुणाला जमणार?

१७ फेब्रुवारी

तयारी चालू आहे. थोरली शब्द ओढून बोलायची, वाक्य संपताना हनुवटी वर करायची. ते येतंच आहे. तिचं बोलणं आठवावं लागत नाही, तोंड उघडलं की बाहेर पडतं.

वटवट चिडलीये. एरवी तोंडाला टाळा लागत नाही, आज नुसती बघत बसली होती. मग एकदम म्हणाली, "आत्याआजी, परवा मी उशिरा आले तर तू मला काय म्हणालीस, आठवतंय?"

"काय म्हणाले?"

"'अगं कार्टे, जेवण गार झालं.' हे थोरल्या आजीचं. तू मला कधी कार्टी म्हणाली नाहीस. आणि टोप नव्हता तेव्हा तुझ्या डोक्यावर."

मी म्हटलं, एका घरात इतकी वर्षं राहिलं की शब्द इकडचे तिकडे होतातच. "मला भीती वाटते ग," ती म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. अंग कापत होतं पोरीचं. थंडी बाधली असेल.

तिनंच फोन लावून सराव करून घेतला. पडद्यावर मी मला दिसत होते, थोरली अगदी समोर बसल्यासारखी, फक्त मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरची अक्षरं उलटी. म्हटलं, हे काय? वटवट म्हणाली, आपल्याला आपला चेहरा आरशातल्यासारखा दाखवतात, पलीकडच्याला सुलटा दिसतो. बरं आहे बाई. कॅलेंडर दादाला वाचता येईल.

आज नवे अभिप्राय बघितले. एकानं विचारलंय, "आजींच्या खांद्यामागे कुणी उभं आहे का?" त्याखाली वाद जुंपलाय, आहे, नाही, आहे. वटवट म्हणाली, तो कोट टांगायचा स्टँड आहे. मी निरखून बघितलं. स्टँडच आहे. पण मला विचाराल तर ती मागे नव्हतीच. पुढे होती.

२० फेब्रुवारी

झालं. निभावलं. आजच लिहून ठेवते.

जेवणं झाल्यावर बसले, खिडकीतून उजेड तोंडावर येईल अशी. टोप, कोट, चष्मा. वटवट फोनमागे. चष्म्यातून मला सगळं धुक्यासारखं दिसतं, त्यामुळे दादाचा चेहरा नीट दिसला नाही. वाळलाय. खांद्यावर शाल होती. आधी नुसता बघत राहिला आणि स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला, एकाच बाजूनं, डावीकडून, परत परत. डोकं दुखत असेल.

मग म्हणाला, "थोरले."

"हं."

बहिरेपणाचं सोंग करायचं ठरलं होतं. 'काय? मोठ्यानं बोल!' असं सगळं घोकून ठेवलं होतं. पाऽर विसरले.

"हिवाळा जड गेला म्हणे तुला."

"गेला खरा."

"फार त्रास झाला का ग?"

मला वाटलं होतं हवापाण्याचं विचारेल. गुडघ्यांचं विचारेल. काय उत्तर द्यायचं ते ठरवलंच नव्हतं, पण शब्द आपसूक आले. "नाही रे. शेवटी शेवटी काही दुखत नव्हतं."

"कोण होतं जवळ?"

"धाकटी होती. हात धरून बसली होती."

"धाकटी होती," तो म्हणाला. चष्मा काढून पुसत बसला. त्या घरात काच फार धुळकटते असं दिसतंय. "मग बरं. एवढंच विचारायचं होतं. आता तू आराम कर, थोरले. पुन्हा पुन्हा अशी यायची तसदी घेऊ नकोस. माझं बोलून झालं."

मी हनुवटी वर केली आणि म्हटलं, "नीट राहा रे, बाळ्या." बाळ्या तिचंच होतं, मी कधीच म्हटलं नाही त्याला. कुठून आलं कुणास ठाऊक.

त्यानं शाल सारखी केली. मग म्हणाला, "आणि धाकटीला बोलव."

"ती खाली गेलीये."

"येऊ दे. मी थांबतो."

आता ही पंचाईत! फोन ठेवायलाच तयार नाही. मी उठले, आतल्या खोलीत जाऊन टोप ओढून काढला, कानामागे सोललं, कोट टाकला, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन बसले.

"आले रे दादा. चावीवाल्याकडे गेले होते."

"दम लागलाय तुला."

"जिना."

"डोळे लाल झालेत."

"जिन्यात वारा फार."

"भलताच जिना आहे तुमचा," तो म्हणाला, आणि हसला. शस्त्रक्रियेनंतर त्याला हसताना पहिल्यांदा ऐकलं. मग म्हणाला, "धाकटे, मधल्या खोलीचं दार तू बंद ठेवतेस म्हणे. उघड ते. पोरीला अभ्यासाला जागा होईल."

मी चपापले. वटवटनं तोंड घातलेलं दिसतंय. म्हटलं, "तिथे थोरली झोपते ना."

"तिची काही हरकत नसेल. विचार तिला." मग जरा थांबून, "तुमचा तो कार्यक्रम बघितला मी. पहिल्यांदा जी बाई बसली होती ना, मोजपट्टीला हसत होती ती? ती होती तीच बरी. पुढच्या भागात तीच येऊ दे."

म्हटलं, "अरे, ती मीच."

"हो का?" म्हणाला. "मग मला रोज फोन करत जा. आपल्या तोंडानं."

जीव भांड्यात पडला. पुसटशी शंकासुद्धा आली नाही त्याला. वटवट फोनमागे नाक ओढत होती. थंडी बाधलीच आहे तिला.

२३ फेब्रुवारी

दोन दिवस टोप कोटावर तसाच पडला होता. आज म्हटलं, धुऊन वाफेवर धरू. लाकडी डोकं काढलं, खिडकीत ठेवलं, टोप चढवला, समोर खुर्ची ओढून बसले.

भांग चुकलाय. थोरली जन्मभर डावीकडे भांग पाडायची. हा उजवीकडे आहे.

आरशात बघून पाडला ना! जो धडा मी पोरींना ओरडून शिकवला तोच मोडला. आरशात मला ती समोर बसलेली दिसत होती, बरोबर, जशीच्या तशी. पण ती फक्त मला. चावीवाला बिचारा उलटं उलटं म्हणत होता ते हेच. इतक्या लोकांनी बघितलं, हसले, घाबरले, आई आठवली म्हणाले, आणि त्यांच्यातल्या एकालाही थोरली दिसली नव्हती. कुणी तरी तिसरीच बसली होती तिच्या कोटात. मग मी "आलीस?" म्हटलं ते कुणाला?

खूप वेळ बसून राहिले.

दादाची नजर अधू झालीये हे नशीब. नाहीतर सगळं मुसळ केरात होतं. लहानपणी तिच्या कडेवर बसून तिचा भांग बोटानं विसकटायचा तो. रोजचा मार खायचा त्यापायी.

वाफ देऊन भांग फिरवता येईल, तासाभराचं काम. कंगवा घेतला, भांड्याखाली आच लावली, पाणी उकळलं, आटलंसुद्धा. मग टोप तसाच डब्यात ठेवला. दुरुस्त करून कुणाला दाखवायचाय?

मधल्या खोलीचं दार उघडलं. विचारलं तिला, दादानं सांगितलं होतं म्हणून. उत्तर आलं नाही. खिडकी फुगली होती, चावीवाल्याला बोलवावं लागलं.

२६ फेब्रुवारी

दुसरा भाग तयार झाला. त्यात दाढीलाच धरलंय. त्याची दाढी 'घनदाट' करायची म्हणून मी घोड्याचे केस लावले, तो झाडूसारखा दिसतो. लोक खूप हसतायत. पण खाली अभिप्राय आहेतच, "'आलीस' म्हणणाऱ्या आजी परत कधी येणार?"

वटवटनं विचारलं, काय लिहू? मी भाजी चिरत होते. म्हटलं, "लिही, त्या गेल्या. हिवाळ्यातच गेल्या."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग लिहिलं. त्याखाली हसणारी तोंडं आली नाहीत. त्या आईवाल्या बाईंनी मात्र लिहिलं, "मला वाटलंच होतं."

वटवटचं टेबल मधल्या खोलीत लागलंय. आज चहाला कप दोनच मांडले, एक तिचा, एक माझा.

२८ फेब्रुवारी

दादाला फोन केला, आठवा दिवस आज. आवाज खणखणीत झालाय. सेवेला येणाऱ्या बाईंना नावं ठेवली, मुलाला नावं ठेवली, दाढीच्या दाढीवर पोटभर हसला. वटवटच्या अभ्यासाचं विचारलं. माझ्या कानामागचं सोललेलं बरं झालं का, हेही विचारलं. ते याला कुणी सांगितलं?

थोरलीचं मात्र अक्षर काढलं नाही. काल नाही, परवाही नाही. पुतण्या म्हणतो, तिचा तरुणपणीचा फोटो मागून घेतलाय आणि उशाशी ठेवलाय. मग विचारत का नाही? मला राहवेना. म्हटलं, "दादा, थोरलीला देऊ का फोन?" कपाटाकडे बघितलंसुद्धा, टोपाचा डबा कुठल्या फळीवर आहे ते.

"नको," तो म्हणाला. "झोपली असेल. झोपू दे तिला."

भर दुपार होती. थोरली उभ्या जन्मात दुपारची कधी झोपली नाही. तेही विसरला बिचारा.

मी म्हटलं, "बरं."